तकाकी

१७ फेब्रुवारी १९७४

यांना गिरणीतून मिळालेली ही डायरी दीड महिना कोरीच पडून होती. आज लिहायला घेतली, कारण जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

मोडनिंबला यांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत वाढणाऱ्या एका बाईनं यांच्या पानात जिलेबी टाकली आणि माझ्याकडं बघत यांनाच विचारलं, "आईंना वाढू का? दातांना चालंल न्हवं?"

हे हसले. मीही हसले. माझे सगळे दात शाबूत आहेत. मी पंचेचाळीस वर्षांची, हे चव्वेचाळीसचे. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, आणि ते यांना पुढं कधीतरी कळलं तरी यांनी त्याचा विषय काढला नाही. पण त्या बाईनं एका नजरेत ओळखलं. आम्हाला मूल झालं असतं, तर "आई" हा शब्द एवढा लागला नसता.

परतीच्या एस.टी.त हे झोपले. मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत सोलापूरपर्यंत आले.

२३ फेब्रुवारी

मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळं बायका येतात-जातात. चौघींना सहज विचारल्यासारखं विचारलं. चार उपाय मिळाले. मसुरीचं पीठ दुधात कालवून लावायचं. सायीत हळद. काकडीचा रस. आमच्या घरमालकीण बजाबाई म्हणाल्या, "उताणं झोपा. कुशीवर झोपलं की गालाला चुण्या पडतात. आन् लई हसू नका."

तीन-चार दिवस सगळं केलं. मसुरीच्या पिठानं तोंड भाजल्यासारखं लाल झालं. हसले मात्र नाही, ते जमलं.

३ मार्च

समोरच्या चांदबीकडं गेले होते. तिचा नवरा विजापूर वेशीत अत्तर विकायचा. तो गेल्यापासून ती घरीच मेंदी, सुरमा, केसांचं तेल करून विकते. माझं तोंड तिनं हनुवटीला धरून उजेडाकडं वळवलं.

"वच्छे, आपल्या सोलापुरातलं हे ऊन, आन् तू वर कोरडी पीठं चोळतीस! कातडं सुकतंय की त्यानं."

तिनं मला तिचं मलम करून दाखवलं. मेण वितळवून त्यात बदामाचं तेल घालायचं, गुलाबपाण्यात चिमूटभर टाकणखार विरघळवायचा, दोन्ही कोमट असताना एकत्र करून लाकडी रवीनं घोटत राहायचं. घोटता घोटता ते पांढरं झालं, लोण्यासारखं. मला फार मजा वाटली.

"यानं सुरकुत्या जातील?" मी विचारलं.

"पडल्या त्या जात न्हाईत. नव्या लौकर पडत न्हाईत. दुपारी बाहेर पडू नको, पडलीस तर पदर फुडं घे, आन् पाणी पी भरपूर. एवढंच हाय."

धंदा करणाऱ्या बाईनं असं बोलू नये. पण बाटली घेऊन आले.

१९ मे

अडीच महिने झाले, रोज सकाळ-संध्याकाळ लावते. काही फरक नाही. ऊन असं आहे की शिलाई मशीनचं चाक हाताला चटके देतं. यांना विचारलं, माझ्या तोंडात काही बदल वाटतो का? यांनी पेपर खाली करून नीट बघितलं आणि म्हणाले, "दात दुखतोय का?"

पाय संध्याकाळी सुजतात. दिवसभर मशीनवर बसून होत असावं.

३० ऑगस्ट

फरक पडलाय! मी तीन महिने लिहिलं नाही, कारण मनाचे खेळ असतील असं वाटत होतं. पण आज रंभाबाई ब्लाउज न्यायला आल्या, त्यांचे मालक शाळेत हेडमास्तर आहेत, बाई उगाच कुणाला चांगलं म्हणायची नाही. त्या दारातच थांबल्या. "वच्छलाबाई, तोंडाला काय लावता हो? केवढी तकाकी आलीय!"

कपाळावरच्या दोन आठ्या जवळजवळ गेल्यात. गाल भरलेत. तोंडावर लालसर तेज आहे, तुपाचा हात फिरवल्यासारखं.

चांदबीला सांगितलं तर ती माझं तोंड बघत राहिली. मग म्हणाली, "पंधरा वर्सं मी लावते हे मलम. माझ्या तोंडाकडं बघ की." तिच्या तोंडावर जाळंच आहे सुरकुत्यांचं. मी म्हटलं, प्रत्येकीची कातडी वेगळी. तिला थोडं लागलं असेल.

६ ऑक्टोबर

आता आम्ही दोघी मिळून करतो. चांदबी बनवते, मी विकते. नाव मीच ठेवलं, "चांदणी मलम". ब्लाउजाला येणारी प्रत्येक बाई आधी माझं तोंड बघते आणि मग बाटली मागते. मला बोलावंही लागत नाही. चांदबी प्रत्येकीला सांगायला जाते की सुरकुत्या जात नाहीत, फक्त कातडी मऊ राहते. मी तिला गप्प केलं. समोर माझं तोंड दिसत असताना कोण ऐकणार?

भुवयाही बाहेरच्या बाजूनं विरळ होऊन कोरल्यासारख्या बारीक झाल्यात. बजाबाईंनी विचारलं, कुठं कोरून घेतल्या?

१२ नोव्हेंबर

उद्या दिवाळी. शिलाईचं काम इतकं आहे की मान वर करायला वेळ नाही. रंभाबाईंच्या पांढऱ्या ब्लाउजाला रक्ताचे ठिपके पडले. बघते तर डाव्या करंगळीत सुई दोनदा घुसली होती आणि मला पत्ता नव्हता. कामाच्या नादात कळत नाही. मीठ लावून धुतलं, डाग गेले.

कानातल्या कुड्यांची मळसूत्रं बसेनात, पाळ्या भरल्यात. नाकही सारखं चोंदलेलं असतं.

यांनी न सांगता मोरपंखी लुगडं आणलं. म्हणाले, "लग्नातल्यासारखी दिसायला लागलीस." सत्तावीस वर्षांत असं काही बोलले नव्हते. खोटं कशाला लिहू, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

९ डिसेंबर

आज एक चमत्कारिक प्रकार. सरकारी पाहणीवाला म्हणून एक माणूस आला, हातात जाड रजिस्टर, नाव ईश्वरप्पा. अक्कलकोटकडची बोली. घरात कोण कोण, कुणाला अंगावर चट्टा आहे का, असं विचारत होता. मी नाही म्हटलं. पण तो लिहायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग कानाकडं. मग म्हणतो, "अक्का, जरा उजेडात येता का?"

परका बाप्या! मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. या वयात कुणी असं टक लावून बघेल असं वाटलं नव्हतं. मी दार लावून घेतलं. त्यानं फटीतून चिठ्ठी सरकवली, कुठल्या तरी दवाखान्याचा बुधवारचा वेळ लिहिलेली. चुलीत टाकणार होते, पण मागची बाजू कोरी होती म्हणून मापं लिहायला ठेवली.

१५ जानेवारी १९७५

काल संक्रांत. गुळाच्या पोळ्या करत होते. बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "काय करपलं गं?" मी पोळी बघितली, ती ठीक होती. मग खाली बघितलं. माझा डावा हात, करंगळीकडची कड, तव्याला टेकलेली होती. कातडी पांढरी होऊन उलली होती. मला काहीच झालं नाही. म्हणजे दुखलंच नाही.

चांदबी तिळगूळ घ्यायला आली. तिनं हात बघितला.

"दुखत न्हाई?"

"न्हाई."

"जरा बी न्हाई?"

तिनं मला दारात नेलं, माझ्या कानाच्या पाळ्या बोटांनी चाचपल्या. भुवयांवरून अंगठा फिरवला. "वच्छे, त्या रजिस्टरवाल्याची चिठ्ठी कुटं हाय?"

२२ जानेवारी, बुधवार

चिठ्ठीवरच्या दवाखान्यात गेले. चांदबी बरोबर आली. हे पाळीवर होते, यांना सांगितलं नव्हतं.

ईश्वरप्पांनी मला ओळखलं, पण दार लावल्याचं बोलले नाहीत. म्हणाले, "अक्का, डोळे मिटा. कापूस लागला की तिथं बोट ठेवून दाखवा." मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला, ईश्वरप्पा सुरू कधी करणार याची मी वाट बघत होते. चांदबीच्या हुंदक्यानं डोळे उघडले. त्यांचं सगळं करून झालं होतं.

कानाच्या पाळीतून नमुना घेतला, काचेवर पसरून आत नेला. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी विचारलं, "चेहरा इतका गुळगुळीत कधीपासून झाला?" मी सांगितलं, ऑगस्टपासून. त्या क्षणीही माझ्या आवाजात थोडा तोरा होता. तो आठवला की आता अंगावर काटा येतो.

महारोग आहे. या जातीच्या दुखण्यात आधी तोंड असंच तुकतुकीत होतं, सुरकुत्या भरून येतात, बघणाऱ्याला तब्येत सुधारल्यासारखी वाटते. गोळ्या रोज घ्यायच्या, बरीच वर्षं. बरं होतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मलमानं हा रोग झालेला नाही आणि मलमातून तो कुणाला जातही नाही. घरच्यांनी आणि जवळच्यांनी तपासून घ्यायचं.

चांदबीनं तिथंच तपासून घेतलं. तिला काही नाही.

२४ जानेवारी

यांना सांगितलं. यांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "कुणाला बोलू नको. गिरणीत कळलं तर?" एवढंच. रात्री गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली.

मी माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

३१ जानेवारी

यांचीही तपासणी झाली, काही नाही. तरी जेवण गिरणीच्या कँटीनमध्ये. मी दोन भाकरी जास्त करते आणि सकाळी आळीतल्या म्हशीला घालते.

आज रंभाबाई आल्या. पुण्याच्या बहिणीसाठी, जावेसाठी आणि स्वतःसाठी अशा तीन बाटल्या हव्या होत्या. म्हणाल्या, "बहिणीला लिहिलंय, आमच्या शिंपीणबाईचं तोंड बघशील तर थक्क होशील. तिला तसंच तोंड पायजे."

बाटल्या माझ्या हातात होत्या. यांचं बोलणं डोक्यात होतं. पण ही बाई माझ्या रोगाकडं बघून पदरचे पैसे देऊन मलम घेत होती, आणि मी ते देणार होते. मी बाटल्या फळीवर ठेवल्या.

"रंभाबाई, हे मलमानं झालेलं न्हाई. मला रोग झालाय, त्याची ही तकाकी हाय. औषध चालू केलंय. मलम निर्धोक हाय, पण तसं तोंड यानं होत न्हाई."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ब्लाउज न घेताच गेल्या.

४ फेब्रुवारी

सगळ्या आळीला माहीत झालं. बाटल्या दाराबाहेर आणून ठेवल्या बायकांनी, काही अर्ध्या, काही न उघडलेल्या. बजाबाई उंबऱ्याबाहेरून बोलल्या, "तुमच्या हातचं मी तोंडाला लावलं. माझी पोरंबाळं हायत घरात." मी म्हटलं, मलमातून जात नाही, डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या, महिनाअखेर खोली सोडा.

अर्धे कापलेले अकरा ब्लाउज न्यायला कुणी आलं नाही.

चांदबीही रागावली. तिचा राग वेगळाच. "रोग तुला झाला, त्यात तुझा गुन्हा न्हाई. खरं बोललीस त्यात बी न्हाई. पन माझ्या पोटाचं होतं ते. मला विचारायचं तरी! मी म्हनत होते न्हाई जात सुरकुत्या म्हनून, तवा मला गप बसवलंस." एवढं बोलून तिनं दार ओढून घेतलं. तिचं मेंदी-तेलही कुणी घेईना झालंय. तिचं सगळं खरं आहे.

६ फेब्रुवारी

सकाळी हे माझ्यासमोर उभे राहिले, हातात खाकी शर्ट. "कॉलर झिजलीय. उलटी करून दे."

मी म्हटलं, "माझ्या हाताचं चालंल?"

"मग कुणाच्या हाताचं? दोनची पाळी हाय, आत्ता दे."

मशीनवर बसले. डावी करंगळी लांब धरून, सुईकडं सारखं बघत शिवलं. हे तिथंच मोड्यावर बसून राहिले. शर्ट घालून आरशात बघितला आणि म्हणाले, "ईश्वरप्पा गिरणीच्या फाटकावर भेटला होता. लई वेळ बोलला. चांगला माणूस हाय." रात्री पाळीवरून आल्यावर गादी आत आली. काल बजाबाईंकडंही हेच जाऊन आले. काय बोलले ते सांगत नाहीत, पण आज खोली सोडायचं कुणी काढलं नाही.

२ जुलै

गोळ्यांनी अंग काळवंडल्यासारखं झालंय. मधे पंधरा दिवस ताप, अंगावर लाल गाठी. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गोळ्या सोडू नका. सोडल्या नाहीत. दर बुधवारी हे सायकलवर मागं बसवून नेतात आणि बाहेर झाडाखाली उभे राहतात. शिलाई बंदच. चांदबी समोर दिसते, बोलत नाही.

१४ डिसेंबर

आज आंघोळीनंतर आरशात कपाळावर एक रेघ दिसली. भुवया आकसून बघितल्या, तर दुसरीही. गालाची सूज उतरलीय आणि कातडी सैल पडलीय. ईश्वरप्पांनी गेल्या बुधवारी हात हातात घेऊन सांगितलं होतं, "अक्का, सुरकुत्या दिसायला लागल्या की समजा औषध लागू पडतंय."

आनंद झाला. आणि वाईटही वाटलं. आधी होत्या त्याहून खोल आल्यात. मी आता साठीची दिसते. भुवया परत यायच्या नाहीत. डायरीत तरी खोटं लिहू नये, दोन्ही वाटलं. यांना दाखवलं. यांनी बोटानं कपाळावरची रेघ चाचपली आणि म्हणाले, "हां, ही तूच."

८ सप्टेंबर १९७६

बुधवारच्या त्या महारोग केंद्रावर ज्यांची हातापायांची जाणीव गेलीय, त्यांना रोज पाण्यात भिजवून तेल लावायला सांगतात. कातडीला घाम येत नाही, ती सुकून फाटते, चिरा चिघळतात आणि बोटं जातात. ईश्वरप्पा कुरकुरत होते की गोडं तेल लावलं की लोक पुसून टाकतात, टिकत नाही, घट्टसर काहीतरी हवं.

मी घरी न जाता चांदबीच्या दारात गेले. दीड वर्षानं. आत न जाता सगळं सांगितलं.

तिनं मेणाचा खडा उचलून बघितला. मग म्हणाली, "बदामतेल परवडायचं न्हाई त्यास्नी. तिळाचं घालू. मेण जादा लागंल." मग एकदम, "भाईर का उभी? उन्हात उभं राहू नको म्हनून किती वेळा सांगितलं तुला!"

आत गेले. तिनं मेण कढवायला ठेवलं. घोटायची रवी माझ्या हातात दिली आणि माझी डावी करंगळी स्वतःच्या हातानं भांड्यापासून लांब धरून ठेवली. दोघीही रडलो, पण घोटायचं थांबवलं नाही, नाहीतर गुठळ्या होतात.

२४ नोव्हेंबर, बुधवार

कानाचा नमुना लागोपाठ तिसऱ्यांदा स्वच्छ आला. गोळ्या मात्र चालूच राहणार.

आता दर बुधवारी मी मलमाचा डबा घेऊन केंद्राच्या ओसरीवर बसते. हात-पाय कसे भिजवायचे, ओलसर असतानाच मलम कसं जिरवायचं, बोटांच्या फटींत रोज डोळ्यांनी कसं तपासायचं, हे नवीन येणाऱ्यांना दाखवते. माझ्याच हातावर दाखवते, म्हणून ऐकतात. चांदबी येत नाही, पण डबा भरून देते, आणि परत आला की उरलेलं मापून बघते की कुणी फुकट घालवलं तर नाही ना.

आज अक्कलकोट तालुक्यातली काशम्मा नावाची म्हातारी आली होती. साठीच्या पुढची, डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली, पायाला चिंधी. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. पहाटेच्या गाडीनं एकटी आली होती. मी तिचे पाय घमेल्यात भिजवले, टाचेच्या चिरा दाखवल्या, मलम जिरवलं. मी बोलत होते, ती नुसतं डब्याकडं बघत होती. मला वाटलं, हिला मराठी कळत नसावं.

शेवटी इकडंतिकडं बघून, पदर तोंडावर घेऊन ती हळूच म्हणाली, "यव्वा, हे तोंडाला चालतंय का?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. उन्हानं रापलेलं, सगळीकडून चुरगळलेलं.

"सुरकुत्या जात न्हाईत यानं," मी म्हटलं.

"न्हाई जाऊ देत. मऊ वाटंल की."

मी बोटभर मलम घेतलं. तिनं लहान पोरीसारखे डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. मी तिच्या कपाळाला लावलं, गालांना लावलं, गळ्यालाही लावलं. झालं म्हटल्यावरही तिनं डोळे उघडले नाहीत.

"अजून थोडं," म्हणाली.

मागं रांग लागली होती. लागू दे म्हटलं.